उरलेल्या चार गोळ्या

आक्का, परवा तुझा जलदान विधी झाला. माणसं इतकी आली की दाजींनी सांगितलेला मांडव पुरला नाही, निम्मी उन्हातच बसली. फोटो कोणता लावायचा यावरून घरात थोडं वाजलं. शेवटी तुझ्या पशुसखीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तू कुणावर तरी डाफरायच्या बेतात असल्यासारखी दिसतेस. खरी गोष्ट अशी की फोटोवाला 'हसू नका बाई' म्हणाला होता आणि तू हसू दाबून धरलं होतंस. हे मलाच माहीत आहे, कारण मी त्याच्या मागे उभी राहून तुला वाकुल्या दाखवत होते.

तू गेल्यापासून मी मनात तुझ्याशी भांडतेच आहे. जिवंत होतीस तेव्हा माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी तीन व्हायची. आता मी सगळं बोलून घेते आणि पलीकडून काहीच येत नाही. तरी हरल्यासारखंच वाटतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. एक गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती, ती पुरी करायची आहे.

तू वाटून खाणारी बाई. आपल्या घरी काही गोडधोड आलं की त्याचे वाटे तूच करायचीस आणि सगळ्यात बारका वाटा तुझा असायचा. लग्न होऊन शेंद्र्याच्या पलीकडच्या त्या गावात गेलीस, दाजी कंपनीत शिफ्टला लागले आणि तू दोन शेळ्यांच्या सात केल्यास. मग पशुसखीचं प्रशिक्षण घेतलंस. गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस द्यायची, जंताचं औषध पाजायचं आणि दुखणं मोठं असेल तर डॉक्टरला फोन करायचा, एवढं तुझं काम. प्रशिक्षणात एक निळी पेटी मिळाली होती. ती खांद्याला लावून तू निघालीस की दाजी म्हणायचे, "निघाल्या आमच्या शिविल सर्जन."

त्या पेटीत जंताचं औषध, मलम नि कापूस एवढंच असायला हवं होतं. पण जनावरांचा डॉक्टर एकटा आणि त्याच्याकडे गावं ढीगभर. शेळीला आज हगवण लागली की परवा ती पाय ताणते, तिला डॉक्टरची वाट बघायला सवड नसते. मग तू दुकानातून अँटिबायोटिकच्या बाटल्या आणायला लागलीस. एका शेळीला पाच दिवसांचा डोस. पण तुझ्या दारात कायम दोघी उभ्या. तू एकीला तीन दिवसांचं काढून द्यायचीस, दुसरीला दोन दिवसांचं. उरलं तर बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव घालायचीस, 'गयाबाई, काळी', 'शबाना, दोन करडं'. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तसं तुझं औषध गावात फिरायचं. आणि शेळ्या बऱ्या व्हायच्या, आक्का. पहिली काही वर्षं खरंच बऱ्या व्हायच्या. तेच तर अवघड होऊन बसलं.

मी शहरात दवाखान्याच्या लॅबमध्ये काय करते, हे तुला समजावून समजावून मी थकले होते. रोग्याच्या रक्तातले नाहीतर शौचातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि वर औषधांच्या बारक्या कागदी चकत्या ठेवायच्या. जे औषध जंतूला मारतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. ज्या औषधाला जंतू सरावला आहे त्याच्याभोवती गोल पडत नाही, जंतू अगदी चकतीला टेकून वाढतो. हे ऐकून तू गावभर सांगितलंस, "आमची बारकी स्वतःच्या कपाळाला टिकली लावत नाय, पर बशीला लावती." तेव्हापासून लॅबमध्ये मी चकत्यांना टिकल्याच म्हणते. आमच्या मॅडमसुद्धा म्हणायला लागल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हाचं ते भांडण तू विसरली नव्हतीस. मीही नाही. एक शेळी अडली होती. तू हात घालून करडू बाहेर ओढलंस, दोन्ही जीव वाचवलेस. अंगणात बायांनी तुझं कौतुक केलं. मग तू हात पाण्यानं खंगाळलेस, पदराला पुसलेस आणि तशीच परातीशी बसलीस. मी म्हटलं, "आक्का, आधी साबण लाव." गयाबाई आणि आणखी दोघी तिथंच होत्या. तू उठलीस, साबण लावलास, परत बसलीस आणि सगळ्यांच्या भाकरी थापल्यास. माझ्या ताटात दोन जास्तीच्या वाढल्यास. मला वाटलं, विषय संपला.

दुपारी भांडी घासताना तू माझ्याकडे न बघता बोललीस. "आईला इहिरीवर वरून पाणी वाढायचे. मी पाहिलंय, तू नाय पाहिलं. आपल्या हाताचं नको म्हणणारे काय कमी होते, म्हून आता तू बी म्हणाया लागलीस?"

"तसं नाही ग आक्का. जंतू असतात."

"तसंच हाय. तू शिकून आलीस म्हून त्याला नवं नाव हाय, येवढंच."

तू पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट खरी होती. माझं शिक्षण झालं ते तू पाहिलेलं मला पाहावं लागू नये म्हणून, हेही खरं. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की तुझ्या हाताबद्दल, तुझ्या घरातल्या दुधाबद्दल, पाण्याबद्दल परत तोंड उघडायचं नाही. मोठी शहाणी मी. भांडण टाळलं म्हणजे माया केली, असं समजून बसले.

मागच्या वर्षी तुझी करडं हगवणीनं जायला लागली. तू औषध देत होतीस आणि ते लागू पडत नव्हतं. एक दिवस तू थेट लॅबच्या दारात उभी. हातात चहापत्तीची डबी. "हे घे, घाल तुझ्या बशीत. माझ्या शेळ्यांना बी लाव टिकल्या." डबीत काय होतं ते कळल्यावर आमच्या शिपाईमामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मॅडमना विचारलं, त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, कर, मलाही बघायचंय.

बशी वाढली. आठ टिकल्या होत्या, आक्का, आणि पाचांभोवती गोल नव्हता. त्यातल्या दोन औषधांची नावं मी परत परत वाचली, कारण ती आम्ही माणसांना देतो. दुकानात बाटली वेगळी, जनावराचं चित्र वेगळं, आत औषध त्याच घरातलं. मॅडम बशी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला नीट सांग."

मी तुला फोन केला. त्याच दिवशी ग्रामपंचायतीनं तुझा साडीचोळी नि नारळ देऊन सत्कार केला होता. ज्या गावात आपल्या माणसांना ओट्यावर बसू देत नव्हते तिथं तुला खुर्ची दिली होती, आणि तू खुर्ची कशी होती इथपासून सांगत होतीस. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते औषध आता तुझ्या शेळ्यांना चालत नाही. डॉक्टरला विचारून बदल." तू म्हणालीस, "बरं झालं सांगितलंस. दुसरं कोणतं आणू?"

बस. एवढंच बोलले मी. खरं सांगायचं होतं ते हे, की अर्ध्या डोसानं कच्चे जंतू मरतात आणि चिवट उरतात, आणि मग तेवढेच वाढतात. की शेळीच्या पोटातला जंतू शेळीपुरता राहत नाही. तो हाताला लागतो, न तापवलेल्या दुधात येतो, हंड्यातल्या पाण्यात येतो, भाकरीबरोबर पोटात जातो आणि तिथं असलेल्या दुसऱ्या जंतूंनाही औषध पचवायला शिकवतो. की तू शेळीची धार थेट लेकरांच्या तोंडात सोडतेस ते थांबव. की हा जंतू तुझ्यातही असणार. हे सगळं 'हात' या एका शब्दावरून जात होतं, आणि तो शब्द मला तुझ्यासमोर परत काढायचा नव्हता. तू बाटलीचं केलंस तेच मी खऱ्याचं केलं. निम्मं दिलं, बरं वाटलं, निम्मं ठेवून दिलं.

भादव्यात तुला जुलाब लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोज एक. हे मला मागाहून कळलं. दोन-तीन आठवड्यांनी तापानं फणफणलीस तेव्हा दाजी तुला आमच्या दवाखान्यात घेऊन आले. लघवी कमी झाली होती, ओठ कोरडे पडले होते आणि तू मला म्हणत होतीस, "बारके, तू वाळली किती."

रक्त तपासायला आमच्याकडेच आलं. बशी वाचायचं काम त्या आठवड्यात माझं होतं. मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "आजची मी बघते." पण मला लांबूनही दिसलं. किती वर्षं बश्याच बघते आहे मी. स्वच्छ गोल एकच होता, तोही बारका. ते एक औषध तुला लगेच सुरू केलं. त्याआधीचे दिवस मात्र वाया गेले होते, कारण बशी वाढायला लागायचा तेवढा वेळ लागतोच आणि तोवर अंदाजानं दिलेलं औषध तुझ्या जंतूनं हसत पचवलं होतं. मग किडन्या गेल्या.

वॉर्डात मी तुला विचारलं, "सात दिवसांच्या गोळ्या पुऱ्या खाल्ल्यास ना?"

"तीन खाल्ल्या. बरं वाटलं. चार गयाबाईला दिल्या. तिला बी तसंच झालतं. म्हातारी एकटी हाय, तिला कोण नेतंय दवाखान्यात?"

आणि मी तुला झापलं, आक्का. सलाईन चालू असलेल्या बाईला झापलं. पंचवीस बाया बघत असतील वॉर्डातल्या, तरी आवाज खाली आला नाही. तू डोळे मिटून ऐकून घेतलंस आणि शेवटी एवढंच विचारलंस, "माझ्या बशीला टिकल्या कसल्या लावल्या?" मी म्हटलं, पांढऱ्याच असतात. तू म्हणालीस, "लाल तरी लावायच्या की." त्यानंतर आपण नीट असं बोललोच नाही. नवव्या दिवशी सकाळी तू गेलीस.

मॅडम म्हणाल्या, महिनाभर येऊ नकोस. मी सहाव्या दिवशी गेले. घरी बसून करणार काय? गेले आणि मॅडमना सांगून स्वतःचीच तपासणी लावली. मला काही होत नव्हतं. तुझ्या शेळ्यांची बशी मनातून जात नव्हती आणि तुझी तर अजिबातच नाही. शेळीतला जंतू तोच तुझ्या रक्तातला का, हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी मोठ्या लॅबमधली तपासणी लागते आणि मॅडमनी मला दोनदा बजावलं आहे की नुसत्या टिकल्यांवरून असं म्हणता येत नाही. पण माझी बशी वाढली आणि चार टिकल्यांभोवती गोल नव्हता. ठणठणीत बाई मी, साबण लावून लावून हाताची सालं निघालेली, आणि माझ्या पोटातही तसलाच चिवट जंतू गप्प बसलेला. मॅडमना काही नवल वाटलं नाही. सिडकोतल्या बंगल्यांतून येणाऱ्या नमुन्यांतही असाच दिसतो म्हणाल्या. मी बाहेरची कोंबडी खाल्ली असेल, पिशवीतलं दूध असेल, नळाचं पाणी असेल, तुझ्या शेळीची धार असेल. कुठून आला ते कुणीच सांगू शकत नाही.

तेव्हा मी लॅबच्या बाकड्यावर बसून रडले. भीतीनं नाही. वर्षापूर्वी आधी माझीच बशी वाढवली असती आणि तुझ्यासमोर आणून ठेवली असती, की बघ, माझ्यातही आहे, हे घाणीचं नाही, हे आपल्या सगळ्यांचं आहे, तर तू ऐकलं असतंस. आधी दोन शिव्या दिल्या असत्यास. पण ऐकलं असतंस.

तर परवाचं. बोधाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, तुझ्याबद्दल चार शब्द बोलले, जेवणं झाली. मग दाजी आतून निळी पेटी घेऊन आले. तुझ्या साड्या तुझ्या जावांना देऊन झाल्या होत्या, पेटी तेवढी राहिली होती. दाजी रडवेल्या आवाजात म्हणाले, "बारके, तुला ह्यातलं कळतंय. तिच्या नावानं वाटून टाक." बाया सरकून पुढं आल्या. झाकण उघडलं तर आत अकरा बाटल्या, सगळ्या अर्ध्या-मुर्ध्या, सगळ्यांवर तुझ्या अक्षरात नावं. प्रत्येकीला आपापली बाटली दिसत होती.

मी झाकण लावलं. म्हणाले, ह्या वाटायच्या नाहीत.

पुढं आलेल्या बाया परत मागं सरकल्या. मग गयाबाईच म्हणाली, "तिनं दिल्या असत्या, बाई."

"हो. दिल्या असत्या," मी म्हटलं आणि खाली बसून सगळं सांगितलं. अर्ध्या डोसाचं, शेळ्यांच्या बशीचं, वर्षभर मी ते लपवल्याचं. हाताचं, दुधाचं. मागून एक जण म्हणाली, "म्हंजी आमच्या शेळ्या घाण, आमी घाण?" तुझाच आवाज होता तो, आक्का, माणूस वेगळं. मी सांगितलं, माझ्या पोटात पण तसलाच निघाला. बंगल्यातल्या माणसांच्या पोटातही निघतो. त्यावर ती खाली बसली. पटलं म्हणून का मेल्या माणसाच्या दारात वाद नको म्हणून, ते मला ठाऊक नाही. मग तिनंच विचारलं, "मंग आता शेळी पडली तर कोणाला बोलवायचं?" मी डॉक्टरचा फोन नंबर लिहून दिला. तो नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता.

हळूहळू बाया उठल्या. शेळ्या सोडायची वेळ झाली होती. गयाबाई तेवढी बसून राहिली. मांडव रिकामा झाल्यावर माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "एक खरं सांगशील? तिच्या गोळ्यांनी मी उठून बसले. त्या मी घेतल्या नसत्या, तिनंच खाल्ल्या असत्या, तर वाचली असती का ती?"

मला परत निम्मंच सांगायची फार इच्छा झाली. पण तुझ्या फोटोसमोर बसले होते. म्हटलं, "ती गोळी तिच्या जंतूवर चालतच नव्हती, मावशी. सातही खाल्ल्या असत्या तरी बहुतेक हेच झालं असतं. आणि तुमचे जुलाब कदाचित आपसूकच थांबले असते. तुमचा ह्यात काही दोष नाही."

मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती म्हणाली, "म्हंजी तिनं स्वतःच्या तोंडातलं काढून मला दिलं, ते काय कामाचंच नव्हतं?"

तू असतीस तर काहीतरी चावट बोलून तिला हसवलं असतंस. मी नुसता तिचा हात धरला.

मग तिनं पदराची गाठ सोडली. आत वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेल्या दोन गोळ्या होत्या. "दोनीतच बरं वाटलं मला," ती म्हणाली. "ह्या दोन ठिवल्या व्हत्या. माझ्या काळीला लागल्या तर. नायतर कोणाला लागल्या तर." तिनं त्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ बंद केली. "तूच टाक कुठं टाकायच्या त्या. तिच्या हातच्या हायेत, माझ्याच्यानं टाकवत नाय."

पेटी मी शहरात आणली. अकराही बाटल्या काल दवाखान्याच्या औषधी कचऱ्यात रीतसर दिल्या. देताना एकेकीचं नाव वाचलं. पेटी धुऊन उन्हात वाळत घातली आहे, रविवारी दाजींना परत नेऊन देईन. गयाबाईच्या काळीला बघायला डॉक्टर येतो म्हणाला आहे. येईल तेव्हा खरं.

त्या दोन गोळ्या मात्र अजून माझ्या पर्समध्येच आहेत. आज लॅबमध्ये डब्याशी दोनदा जाऊन परत आले. दुसऱ्या कुणी अशा ठेवल्या असत्या तर मी त्याला उभं-आडवं झापलं असतं. आक्का, माझ्याच्यानं बी टाकवत नाय.